फ्लॉवरचा चूड

आत्याबाय,

आधी तिकडच्या सगळ्यांचं एकेक करून विचारते, मग माझं सांगते. तुमचे गुडघे कसे आहेत? सवच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलात की दोन दिवस आराम पडायचा आणि तिसऱ्या दिवशी परत जिना चढताना ‘आई गो’ सुरू व्हायचं. मामंजी कसे आहेत? त्यांना मी भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं, तरी फोटोसमोरून जाताना पदर सारखा करायची, आठवतं ना? यांची साखर कशी आहे? शेवटी शेवटी डॉक्टरांनी चहातला कणभर गोडवासुद्धा बंद केला होता, आणि हे कप समोर ठेवून तोंड पाडून बसायचे. तिकडं आल्यापासून तुम्ही त्यांना वाटीभर साखर घालून चहा देत असाल, मला ठाऊक आहे. लेकाचं पडलेलं तोंड तुम्हाला कधी बघवलं नाही. शेजारची काकीसुद्धा आता तिकडंच आली. भेटली का? तिच्या कोंबड्यांवरून तुमचं जे चाललं होतं ते मिटलं, का तिकडंही बांधाच्या दोन बाजूंना उभ्या राहून चालूच आहे? आणि आपली तांबडी गाय? तिला तुमचा हात लागल्याशिवाय पान्हा फुटत नसे. ती तिथं असेल तर तुमची सकाळ तरी बरी जात असेल.

इकडे मी बरी आहे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचं बघू म्हणतात. कौलं उतरवून पत्रे घातले, त्यामुळे पावसाळ्यात घरात बोललेलं ऐकू येत नाही. अर्थात बोलायला दुसरं कोण आहे म्हणा. आज सकाळी परसात फ्लॉवरची रोपं लावली. लावता लावता मी तुमच्याशी मोठ्याने बोलत होते हे मला बऱ्याच वेळाने कळलं. म्हटलं, वाऱ्यावर बोलून दवडण्यापेक्षा लिहून काढावं. तुम्हाला माझं अक्षर ठाऊक नाही. शाळा दुसरीत सुटली, पुढचं सगळं मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, आणि लिहायला तर तुम्ही गेल्यावरच शिकले. तेव्हा चुका पोटात घाला.

ते पहिलं बी आठवतं का? लग्न होऊन मला दोन पावसाळे झाले होते. दसऱ्याला माझा दादा वाईहून घाट उतरून आला आणि येताना फ्लॉवरचं बी घेऊन आला, फडक्याच्या टोकात बांधलेलं. आमच्याकडे तेव्हा फ्लॉवरचे वाफेच्या वाफे असायचे. मी ती पुरचुंडी फळीवर मोहरीच्या डब्याला टेकून ठेवली आणि दादाला सोडायला फाट्यापर्यंत गेले. परत येते तो तुम्ही चुलीपुढे पळी हलवताय आणि तोंडाने माझ्या माहेराचा उद्धार चाललाय. “काय गो ही तुमची घाटावरची मोहरी! ना तडतडत, ना वास. तेलात नुसती माहेरवाशिणीसारखी बसून ऱ्हायलीय.” मी पळीत डोकावले आणि मटकन खालीच बसले. अर्धं बी आमटीत गेलं होतं. फ्लॉवरचं बी आणि मोहरी शेजारी ठेवली तर मलासुद्धा आज ओळखू येणार नाही, पण त्या दिवशी मला रडू आवरेना, आणि तुम्हाला हसू आवरेना. रात्री जेवताना तुम्ही वाटी तोंडाला लावून म्हणालात, “चला, यंदाचं पीक पोटात पेरलं.” मग मीही हसले.

उरलेलं बी तुम्ही माझ्या हातात दिलं नाहीत. “बी म्हटलं का आधी राब,” म्हणालात. आपल्या खोऱ्यात भाताचं बी पेरायचं तर आधी जमिनीवर शेण आणि पातेरा, म्हणजे वाळका पाला, पसरून ती भाजायची, हे मला इथं येऊन कळलं होतं. पण तो राब उन्हाळ्यातला. तुम्ही तो दसरा झाल्यावर धुण्याच्या दगडाजवळ सुपाएवढ्या जागेत घातलात. धूर बघून काकी बांधावर आली.

“काय गो, आता राब? गेलेला पाऊस परत बोलावतेस काय?”

“फुलाची कोबी लावतेय.”

“फुलाची? म्हणजे खायची का देवाला वाहायची?”

“आधी देवाला, मग तुझ्या कोंबड्यांना. मग उरली तर आम्हाला.”

रोपं मात्र छान उतरली, हे मान्य केलं पाहिजे. दिवाळी झाली तेव्हा वीतभर झाली होती, निळसर हिरवी, तजेलदार. भात कापून घरात आलं होतं, तुमचे हात मोकळे होते. वाफा भिजवलात, रोपं उपटून त्यांची मूठ डाव्या हातात धरलीत, कमरेत वाकलात आणि मागे मागे सरकत लावायला लागलात. आणि मी बघते तर एकेका जागी तीन-तीन रोपं. भाताचा चूड लावतात तसा, तीन रोपं एकत्र धरून अंगठ्याने चिखलात खुपसायची, झाला चूड. तुमच्या हाताला जन्मभर हीच लावणी ठाऊक. माझ्या तोंडून निघून गेलं, “आत्याबाय, हे एकेक लावायचं असतं. हातभर अंतरावर एक. आमच्याकडं—”

“तुमच्याकडं माणसं लांब लांब ऱ्हातात, म्हणून रोपंपण लांब लावीत असतील.” तुम्ही वर बघितलंसुद्धा नाहीत. “आमच्यात एकलं रोप लावीत नाय. वारा आला का लोळंल. आन् त्याला करमंल का? मातीत घातलं तरी जीवच हाय तो.”

मी रोपांची पुढची मूठ तुमच्या हातात दिली. एकतर सून, त्यात घाटावरची. आणि खरं सांगायचं तर ‘करमंल का’ हे ऐकून माझं लक्ष रोपांवरून उडालं होतं. कारण तेव्हा आपल्या घरात एकच गोष्ट रोज ताटात वाढली जायची आणि तिला कुणी हात लावायचं नाही. हे मुंबईत, मी इथं. वर्षातून दोनदा भेट, गणपतीला आणि शिमग्याला. यांना माझगावच्या बाजूला खोली मिळाली होती, ते येऊन घेऊन जातो म्हणत होते, आणि तुम्ही म्हणत होतात, लावणी होऊ दे. लावणी झाली की कापणी होऊ दे. कापणी झाली की पुढल्या सालाला बघू. मला जायचं होतं, आत्याबाय. जीव तुटत होता माझा जायला. आणि तुम्हाला या घरात एकटं राहायचं नव्हतं, तेही मला दिसत होतं. मामंजींच्या मागं एवढी वर्षं तुम्ही लेकाच्या आवाजावर काढली होतीत, मग तो मुंबईला गेला, आणि त्याच्या जागी मी आले होते. काकी एकदा विहिरीवर सगळ्यांच्या देखत तुम्हाला म्हणाली, “लेक तिकडं, सून इकडं, तुला नातू काय टपालानं येणार हाय?” बाया हसल्या. तुम्ही कळशी उचललीत आणि घरी आलात. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात.

पुढं काकीच्या कोंबडीने वाफ्यात शिरून कोपऱ्यातला चूड उकरला. दोन रोपं मुळासकट वर आली, सुकली, तिसरं कसंबसं तग धरून राहिलं. तुम्ही बांधावर उभ्या राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडलात, “माझ्या चुडातली दोन माणसं मारलीन गो तुझ्या कोंबडीनं!” तिकडून उत्तर आलं, “मग तिसऱ्याच्या सोबतीला कोंबडीच ठेवून घे की!” तुम्ही परत आलात, कुंपणातली एक काठी मोडलीत आणि त्या उरलेल्या रोपाशेजारी खोचलीत. मला वाटलं आधार. तुम्ही म्हणालात, “नाय गो. सोबत.”

मग आपली वाट बघणं सुरू झालं. महाडच्या बाजारात तुम्ही फ्लॉवर टोपलीत बघितलेला, पण झाडावर तो कसा येतो ते ठाऊक नव्हतं. रोज सकाळी विचारायचं, “फूल कधी येणार गो? झेंडूवानी येतं का जास्वंदीवानी?” पानं मात्र अशी माजली की वाफ्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. प्रत्येक चुडातली तिन्ही रोपं एकमेकांच्या अंगात घुसलेली, सगळी एकमेकांना ढकलत वर चाललेली. येणारे-जाणारे म्हणायचे, वा, काय जोम आहे. मला कळत होतं की हा जोम नुसता पानांचा आहे, पण मी पाणी घालत होते. पौष सरत आला, सकाळी पानांवर दव असायचं, आणि एक दिवस कोपऱ्यातल्या त्या एकट्या रोपाची मधली पानं जराशी वळल्यासारखी दिसली. मी ती बोटांनी बाजूला केली. आत मुठीएवढा पांढरा गड्डा बसला होता.

मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून वाकलात, बघितलंत. मग बाकीचे चूड बघत सुटलात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पानं सारून सारून. एकात नाही, दोनात नाही. कुठं शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी, कुठं तेही नाही. सगळा वाफा बघून झाल्यावर तुम्ही कंबर सरळ केलीत आणि म्हणालात, “कोंबडीची शीट पडली असणार तिथं.” मी म्हटलं, “असेल.” दोघींनाही ठाऊक होतं. तो गड्डा उन्हाने पिवळा पडू नये म्हणून वरची पानं त्याच्यावर दुमडून बांधायची असतात, ते मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही जुन्या लुगड्याची पट्टी फाडलीत आणि तान्ह्या पोराला टकुचं बांधावं तशी त्याला बांधलीत. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मी सांगितलेलं काही केलंत.

गड्डा काढला त्या संध्याकाळी त्याचा रस्सा केला. काकीकडे वाटी पाठवलीत, “कोंबडीचा वाटा” म्हणून निरोपासकट. मी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. तुम्ही पाटावर बसून एक तुकडा तोंडात घातलात, चावलात, आणि भिंतीकडे बघत म्हणालात,

“शिमग्याला तो आला का तू जा त्याच्यासंगती.”

माझा हात परातीत तसाच राहिला. “आणि तुम्ही?”

“मी काय?”

“एकट्या?”

“बघितलंस ना तू पण. एकल्याचाच गड्डा झाला.” आणि तुम्ही स्वतःच्या पोटावर थाप मारलीत. “होऊ दे माझा पण गड्डा.”

तुम्ही हसलात म्हणून मी हसले. पण मला भाकरी उलटायचं भान राहिलं नाही, ती करपली, आणि तुम्ही नेहमीसारख्या ओरडलाही नाहीत. करपलेली स्वतःच्या ताटात घेतलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून परसात आले तर तुम्ही वाफ्यात. प्रत्येक चुडातली दोन-दोन रोपं उपटून बाजूला टाकत होतात. आता उपयोग नव्हता, गड्डे धरायची वेळ निघून गेली होती. मी तसं म्हटलं नाही. उपटलेला पाला गाईने खाल्ला, आणि कित्येक दिवस दुधाला कोबीचा वास येत होता.

शिमग्याला हे आले. आम्ही निघालो तेव्हा तुम्ही फाट्यापर्यंत आला नाहीत, मिरच्यांना पाणी घालायचंय म्हणालात. मी वळून बघितलं तेव्हा तुम्ही पाठमोऱ्या होतात आणि कळशी रिकामी झाली तरी वाकडीच धरलेली होती.

मग मुंबईची ती सगळी वर्षं. वर्षाच्या आत नातू झाला, टपालाशिवाय. दसऱ्याला दादा तुम्हाला बी आणून द्यायचा, आणि थंडीत गावाकडून कुणी मुंबईला यायचं असलं की त्याच्या पिशवीत आमच्यासाठी एक गड्डा असायचा, पानांसकट, वर पट्टी बांधलेली. भाजी एका दिवसात संपायची. मी पट्टी धुऊन ठेवायची. यंदा कुठलं लुगडं फाटलं ते मला पट्टीवरून कळायचं. हिरवं गेलं, मग ते अंजिरी, मग माझ्या लग्नात नेसला होतात ते. गणपतीला आम्ही यायचो तेव्हा मी दरवेळी विचारायची, “आत्याबाय, करमतं का?” आणि दरवेळी तुमचं एकच, “मला कुठं येळ हाय गो करमायला?” मला ते खरं वाटायचं. तिकडं पोरं, पाण्याची वेळ, यांच्या कामाची पाळी. मला खरं वाटून घेणं सोयीचंही होतं.

तुम्ही गेलात ते दिवाळीनंतर. निरोप आला, आम्ही आलो. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि त्या दुपारी मी परसात गेले. वाफा लावलेला होता. रोपांनी नुकती मान धरली होती. सुंदर लावला होतात, आत्याबाय, माझ्या माहेरीसुद्धा असा बघितला नाही. हातभर अंतर, एका ओळीत, एकेक रोप. फक्त कोपऱ्यात, धुण्याच्या दगडापाशी, एका जागी तीन होती. मला वाटलं नजर कमी झाली असेल, हातात जास्तीची आली असतील. मी खाली बसले आणि त्यातली दोन काढायला हात घातला. बांधावरून काकी म्हणाली, “ती नको काढूस गो.”

“का?”

“ती तशीच असतात. दर सालाला. मी पण म्हटलं तिला, अगो, कोपऱ्यात चुकलीस. तर म्हणाली, ती गड्ड्यासाठी नायत. ती आपली अशीच.”

मी हात काढून घेतला. तेव्हा मनात आलं, म्हाताऱ्या माणसाची जुनी सवय, भाताचा हात. एवढंच. मग घराला कुलूप लावून आम्ही निघालो.

आता मी तुमच्या जागी आहे. हे निवृत्त झाले तेव्हा आम्ही दोघं इथं आलो, कुलूप काढलं, परस साफ केलं, आणि यांच्या हौसेने परत फ्लॉवर सुरू झाला. यांना लावायचं काही कळत नसे. खुर्ची टाकून सूचना करायचे, तेवढं मात्र कळायचं. आता खुर्ची पडवीत आहे, तिच्यावर मी वाळवण ठेवते, रिकामी दिसू नये म्हणून. नातू तुमचा पनवेलला असतो, चांगला आहे, दर रविवारी फोन करतो. म्हणतो, “आई, एकटी काय करतेस तिथं? शिमग्याला गाडी घेऊन येतो, या वेळी काही ऐकायचा नाय.” मी म्हणते, अरे, मला कुठं वेळ आहे. परवा हे वाक्य तोंडातून निघालं आणि फोन कानाला तसाच राहिला. आवाज माझा होता, वाक्य तुमचं.

म्हणून विचारते. तुम्हाला करमत होतं का? सून म्हणून नाही विचारत, तेव्हा तुम्ही खरं सांगितलं नसतं आणि बरोबरच केलंत. खरं सांगितलं असतंत तर मी गेलेच नसते. आता आपण दोघी जवळजवळ एका वयाच्या. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात, गाय गोठ्यात, काकीशी भांडण नाही, तेव्हा तुम्ही दिवा लावून झाल्यावर काय करायचात? कुणाशी बोलायचात? लेक घेऊन जायला आला असता तर गेला असतात का? मला जावं का राहावं काही सुचत नाही. पनवेलला तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत चार कुंड्या आहेत, आणि तुमची नातसून खरंच मायाळू आहे. पण गड्डा कुंडीत धरत नाही, आणि इथून गेले तर परसातल्या कोपऱ्याला कुणी पाणी घालणार नाही.

पाकीट आणून ठेवलंय, तिकीटही लावलंय. पत्त्याच्या जागी तुमचं नाव लिहिलं आणि पुढं पेन चालेना, तेव्हा हे काही टपालात पडायचं नाही. मोहरीच्या डब्याला टेकून ठेवते, तिथली वस्तू तुमच्या हाताला बरोबर लागते.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी मी वाफा नीट लावला, हातभर अंतरावर एकेक, आमच्याकडच्या रीतीने. शेवटी हातात तीन रोपं उरली. जागा होती, आत्याबाय. वेगवेगळी लावण्याएवढी भरपूर जागा होती. मी ती तिन्ही धुण्याच्या दगडापाशी एकत्र धरली आणि अंगठ्याने खुपसली.

शिमग्याच्या आत दोन ओळी तरी पाठवा. तुम्हाला लिहिता येत नाही, आणि काकी तर अंगठा उठवणारी. यांना सांगा लिहायला. यांचं अक्षर बघून पुष्कळ दिवस झाले. लवकर पाठवा.